जुन्या लष्करी जागांची माती आणि भूजल: शुद्ध करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

वाघूरकाठ

नमस्कार मंडळी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच सलग तीन महिने परदेशी राहण्याचा योग आला. माझी मुलगी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, ग्रँड आयलंड या गावी असते. गाव आपल्या भुसावळसारखेच रेल्वेचे, सपाट आणि चहूकडून शेतीने वेढलेले आहे. केळीच्या जागी मका आहे, इतकाच फरक. सकाळी फिरायला जाताना एका शेताच्या बांधावर कमरेइतकी वर आलेली, पिवळा रंग दिलेली आणि वर कुलूप घातलेली लोखंडी नळी दिसली. इतकी वर्षे विहिरी आणि कालवे यांत घालवल्यावर अशी नळी पाहून पुढे जाणे मला शक्य नव्हते. जावयाने सांगितले की ती निरीक्षण विहीर आहे, आणि तिच्यातून पाण्याचा नमुना ठराविक काळाने काढला जातो, कारण गावाच्या पश्चिमेला पूर्वी दारूगोळ्याचा कारखाना होता.

त्या कारखान्याचे नाव कॉर्नहस्कर. तो १९४२ मध्ये उभा राहिला आणि दुसरे महायुद्ध, कोरिया व व्हिएतनाम या तिन्ही युद्धांच्या काळात चालून १९७३ मध्ये थांबला. तेथे बॉम्ब आणि तोफगोळे यांत टीएनटी व आरडीएक्स ही स्फोटके भरत असत. भरताना सांडलेली भुकटी धुऊन काढत आणि ते धुण्याचे पाणी जागेवरच पाझरखड्ड्यांत सोडून देत. टीएनटी मिसळलेल्या पाण्यावर ऊन पडले की ते गुलाबी होते, म्हणून या धंद्यात त्याला 'गुलाबी पाणी' असेच म्हणतात. तेव्हा कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. जमीन प्लॅट नदीच्या गाळाची, वाळू आणि रेती यांची. पाणी मुरून जाई आणि खड्डा पुन्हा मोकळा होई. १९८० च्या दशकात मात्र कारखान्याच्या हद्दीबाहेर, गावातील लोकांच्या खासगी विहिरींत आरडीएक्स सापडले. त्या घरांना गावाच्या नळयोजनेचे पाणी द्यावे लागले, १९८७ मध्ये ती जागा तेथील केंद्रीय शुद्धीकरण यादीत गेली आणि खड्ड्यांची माती उकरून भट्टीत जाळण्यात आली.

आता मला ज्यासाठी हा धागा काढावासा वाटला ती गोष्ट. माती जाळून संपवायला एक-दोन वर्षे पुरली. पाणी मात्र त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी पंपांनी उपसून, कोळशातून गाळून शुद्ध करायला घेतले गेले, आणि आज इतक्या वर्षांनंतरही त्या नळ्यांना कुलपे आहेत आणि नमुने काढले जातात. टीएनटी मातीच्या कणांना, विशेषतः शेणखताचा अंश असलेल्या मातीला, चिकटून बसते. आरडीएक्सला मातीची ओढ फारशी नाही; ते पाण्यात थोडे विरघळते, पण जितके विरघळते तितके पाण्याबरोबर चालत राहते. पिण्याच्या पाण्यासाठी दोन्हींची तेथील सुचवलेली मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात गावाला येणारा दहा हजार लिटरचा टँकर घेतला, तर त्यात फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाच्याही कितीतरी कमी.

एक विनंती आधीच करतो. वरणगाव आणि भुसावळ येथील आयुधनिर्माणी चालू आहेत आणि हा धागा त्यांच्याविषयी नाही. अहवाल हातात नसताना कोणी अंदाज बांधू नयेत. मला जाणून घ्यायचे आहे ते असे की हेच काम खानदेशच्या जमिनीत, म्हणजे कुठे तापीचा गाळ आणि कुठे काळा कातळ अशा भूमीत, करायचे झाले तर ते कसे करावे लागेल?

सुमन_धुळे

वाघूरकाठ काका, लेख वाचून एक साधी शंका आली. माती काढून जाळली, म्हणजे विषाचे मूळ गेले. पाणी तर दर पावसाळ्यात नवे येते. मग दहा-पंधरा वर्षांत विहिरी आपोआप स्वच्छ का होऊ नयेत?

वाघूरकाठ

सुमनताई, मलाही आधी तसेच वाटले होते. ज्या माठात वर्षभर ताक ठेवले, तो माठ कितीही विसळला तरी पाणी भरून ठेवल्यावर सकाळी त्याला ताकाचा वास येतोच, कारण ताक माठाच्या अंगात मुरलेले असते आणि हळूहळू बाहेर येते. जमिनीखाली वाळूच्या थरांत मध्येमध्ये चिकणमातीचे पट्टे असतात. इतकी वर्षे दूषित पाणी त्यांच्याजवळून गेले, तेव्हा विष त्यांच्यात शिरले. आता स्वच्छ पाणी जाऊ लागले की तेच उलट बाहेर झिरपते. म्हणून पंप चालू असताना आकडे छान उतरतात, पंप बंद केला की काही महिन्यांत पुन्हा चढतात. मुलीच्या ओळखीच्या एका अभियंत्याने मला असा एक आलेख दाखवला. करवतीच्या दातांसारखा तो दिसत होता.

सुभेदार_नाना

मी लष्करात अठ्ठावीस वर्षे होतो, त्यातील बरीचशी वर्कशॉपमध्ये गेली. कोणत्याही ठिकाणाचे नाव घेणार नाही, आणि नाव घेऊन उपयोगही नाही, कारण जगभरच्या सर्वच सैन्यांत त्या काळी हेच चालत असे.

बेअरिंग, गिअर, बंदुकीचे सुटे भाग यांवरचे ग्रीस काढायला जे द्रव वापरतात त्यांत ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई, प्रमुख होते. पत्र्याचा ट्रे, त्यात दोन बोटे द्रव, ब्रशने घासायचे आणि ट्रे काळा झाला की शेडच्या मागे उलटा करायचा. आम्हाला ते चांगले वाटे, कारण ते पेटत नाही आणि दहा मिनिटांत जमीन कोरडी दिसते. ते उडून गेले असे आम्ही समजत होतो, आणि काही उडूनही जात असेल. पण हे द्रव पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असते, त्यामुळे जे जमिनीत उतरते ते पाण्याच्या पातळीवर थांबत नाही, पाण्यातूनही खाली बुडत जाते आणि जेथे न झिरपणारा थर लागेल तेथे डबके करून बसते.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधील कॅम्प लेजून या मरीन सैनिकांच्या तळावर १९५३ पासून १९८७ पर्यंत सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय असेच दूषित पाणी प्यायले, असे तेथील सरकारने मान्य केले आहे. १९८२ मध्ये एका नळाच्या पाण्यात टीसीई लिटरला १,४०० मायक्रोग्रॅम मिळाले; आजची तेथील मर्यादा ५ आहे. तळाच्या दुसऱ्या वसाहतीचे पाणी तर तळाबाहेरच्या, कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून झिरपलेल्या द्रवाने खराब झाले होते. हद्दीच्या भिंतीला पाणी विचारीत नाही. त्या सैनिकांना न्यायालयात दाद मागण्यासाठी स्वतंत्र कायदा व्हायला २०२२ साल उजाडले.

धावपट्टीवरच्या आगी विझवायला वापरत तो फेस ही आणखी एक डोकेदुखी. त्यातली फ्लोरिनची रसायने निसर्गात विघटन पावत नाहीत. २०२४ मध्ये अमेरिकेने त्यांतील प्रमुख दोन रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम ठरवली. नॅनोग्रॅम हा मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग आहे, हे लक्षात घ्यावे.

आणि चांदमारीचे काय, असे कोणी विचारील म्हणून लिहितो. गोळ्यांतील शिसे मातीच्या टेकाडात अडकते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते फारसे खाली उतरत नाही, तेव्हा वरची माती चाळून शिसे वेगळे करणे हे तुलनेने सोपे काम आहे. अवघड असतात ते न फुटलेले गोळे. भंगार विकायला म्हणून लोक ते उकरतात आणि प्राणाला मुकतात. अशा जागेवर यंत्र लावण्याआधी बॉम्बशोधक पथकाने इंचन्‌इंच जमीन तपासणे हा पहिला टप्पा आहे, तो टाळता येत नाही.

एक गोष्ट मात्र मनात सलते. तळ रिकामा करून देताना आम्ही हस्तांतराच्या याद्या केल्या. पंखे किती, खाटा किती, बादल्या किती, एका बादलीचा कान तुटलेला आहे हेसुद्धा त्यात लिहिले. धुण्याचा द्रव कुठे ओतला, यासाठी त्या यादीत रकाना नव्हता.

पांझराकाठ

सर्वांना नमस्कार. मी साक्री तालुक्यातील शेतकरी आहे. नानांनी लिहिले ते वाचून आमच्याच शेताची गोष्ट मांडावी असे वाटले.

आमच्या शेताला लागून सरकारी पडीक जमीन आहे. जुने लोक तिला 'पलटणीचा पडाव' म्हणतात. आजोबांच्या लहानपणी तेथे लष्कराचे ट्रक येऊन थांबत, तंबू लागत आणि पिंपे उतरत असत. कोणती पलटण, कोणते साल, हे कोणालाच नेमके सांगता येत नाही. त्या बाजूला माझ्या काकांची आठ परस खोल विहीर आहे. गेली तीन-चार वर्षे पाऊस चांगला झाला की भाद्रपदात तिच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसतो. काकूंनी पहिल्यांदा सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पानीले राकेलना वास येस." उन्हाळ्यात वास नसतो. सगळ्यांनी पडावाकडे बोट दाखवले आहे आणि मीही परवापर्यंत तेच समजत होतो. आता हे शुद्ध कोणी आणि कसे करायचे?

कातळरेषा

मी भूजलशास्त्र शिकले आणि त्याच क्षेत्रात काम करते. वाघूरकाठ काकांच्या मूळ प्रश्नाला आणि पांझराकाठ भाऊंच्या प्रश्नाला एकाच उत्तरात हात घालते, कारण दोन्हींचे मूळ एक आहे: यंत्र आणण्याआधी पाणी कोणत्या वाटेने चालते हे ठाऊक असावे लागते. शुद्धीकरणाच्या फसलेल्या कामांत बहुतेक वेळा यंत्र चांगले आणि जागा चुकलेली, असे दिसते.

खानदेशात दोन अगदी वेगळ्या भूमी आहेत. तापीच्या उत्तरेला चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात गाळाचे जाड थर आहेत. वाळू, रेती, चिकणमाती यांचे थर एकावर एक. येथे ट्यूबवेल शेकडो फूट खोल जातात. काकांनी पाहिलेल्या प्लॅट नदीच्या खोऱ्याशी ही भूमी जुळते, आणि तेथे जे झाले ते येथे समजून घेणे सोपे आहे: दूषित पाण्याचा एक लांबट पट्टा तयार होतो, तो उताराच्या दिशेने सावकाश सरकतो आणि त्याच्या तोंडाशी उपसा विहिरी मारून त्याला अडवता येते. अडचण अशी की केळीच्या पट्ट्यात शेकडो पंप दिवसरात्र पाणी ओढत असतात. प्रत्येक पंप पाण्याचा उतार थोडासा स्वतःकडे वळवतो. अशा ठिकाणी दूषित पट्टा नकाशावर काढलेल्या रेषेने जात नाही, ज्याचा पंप मोठा त्याच्याकडे जातो.

तापीच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला, म्हणजे धुळे, साक्री, पारोळा, नंदुरबार या भागात, काळा कातळ आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, मग घट्ट खडक, मध्येच एखादा तांबड्या मातीचा थर आणि पुन्हा खडक. पाणी खडकाच्या अंगातून झिरपत नाही, भेगांतून धावते. त्यामुळे पन्नास फुटांवरच्या दोन विहिरींपैकी एकीत विष आणि दुसरीत स्वच्छ पाणी, असे घडू शकते. नानांनी सांगितलेला जड द्रव अशा भेगांत शिरला तर त्याला शोधणे हे गवतातली सुई शोधण्यापेक्षा अवघड आहे, आणि पूर्ण काढणे बहुधा अशक्यच. मग त्याला जागच्या जागी कोंडून ठेवणे आणि आजूबाजूच्या पाण्यावर नजर ठेवणे हाच मार्ग उरतो.

शिवाय आपल्याकडे डाईक आहेत. साक्री-नंदुरबारकडे पूर्व-पश्चिम धावणाऱ्या काळ्या दगडांच्या ज्या लांबच लांब भिंतींसारख्या टेकड्या दिसतात, त्याच. त्या जमिनीखालीही भिंतीसारख्या उभ्या असतात. कुठे त्या पाणी अडवतात, तर कुठे स्वतः तडकलेल्या असल्याने पाण्याला वाट करून देतात. डाईकच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींत पातळीचा मोठा फरक असेल तर ती अडवते आहे, असे समजावे.

भिंतीवरून आठवले. नॉर्थ कॅरोलिनामध्येच एलिझाबेथ सिटी येथे तटरक्षक दलाच्या तळावर धातूला मुलामा देण्याच्या जुन्या शेडखाली क्रोमियम आणि टीसीई पाण्यात उतरले होते. तेथे १९९६ मध्ये पाण्याच्या वाटेत आडवा चर खणून तो लोखंडाच्या किसाने भरला: ४६ मीटर लांब, सुमारे ७ मीटर खोल आणि जेमतेम ०.६ मीटर रुंद. पाणी आपल्या गतीने त्यातून जाते. गंजणारे लोखंड टीसीईमधला क्लोरीन काढून घेते आणि विषारी क्रोमियमला न विरघळणाऱ्या रूपात बसवते. पंप नाही, वीज नाही. मला ही युक्ती फार आवडते, पण ती चालते कारण तेथे पाणी कुठून कुठे जाते हे आधी बारकाईने मोजलेले होते. चर दहा मीटर बाजूला पडला असता तर पाणी वळसा घालून निघून गेले असते.

पांझराकाठ भाऊ, आता तुमच्या विहिरीविषयी. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी सांडलेल्या इंधनातले हलके, वासाचे घटक एवढ्या काळात उडून जातात किंवा मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात. जड तेलाचे अवशेष राहू शकतात, पण त्यांचा असा रॉकेलसारखा वास सहसा येत नाही. पडावावर आरोप निश्चित करण्याआधी तीन विहिरींच्या पाण्याची पातळी मोजा. तीन विहिरी एका रेषेत नकोत, त्रिकोणात हव्यात. मोजण्याआधी तिन्ही पंप किमान एक दिवस बंद ठेवा. तोवर ते पाणी कोणी पिऊ नये, गुरांनाही पाजू नये.

केळीबाग_रावेर

एक वेगळाच मुद्दा. माझ्या वाचनात आले होते की टीएनटीची माती शेणखतात कुजवून शुद्ध करतात. हे खरे असेल तर आमच्याकडे केळीचे खांब आणि शेण यांना तोटा नाही.

कातळरेषा

खरे आहे, आणि यशस्वीही झाले आहे. ऑरेगॉन राज्यातील उमाटिला येथील दारूगोळा भांडारात जुने बॉम्ब गरम पाण्याने धुऊन त्यांतली दारू काढत आणि ते पाणी अस्तर नसलेल्या दोन तळ्यांत सोडत. तेथली माती १९९० च्या दशकात शेण, गवत, लाकडाचा भुसा आणि बटाट्याचा टाकाऊ चोथा यांत मिसळून लांब ढिगांत कुजवली. ढीग आतून तापतो, यंत्राने तो पुन्हा पुन्हा उलटवतात आणि जिवाणू टीएनटीचे असे रूपांतर करतात की ते खताच्या अंगात घट्ट बांधले जाते. भट्टीत जाळण्यापेक्षा हे स्वस्त पडले. परंतु तेथेही पाणी वेगळे उपसून कोळशातून गाळावे लागलेच.

एक धोक्याची सूचना मात्र देते. मातीत दहा टक्क्यांहून अधिक स्फोटक असेल तर ती माती स्वतःच स्फोटक मानतात आणि तिला फावडेही लावत नाहीत. हे काम घरच्या उकिरड्यावर करून पाहण्याचे नाही. आणि सगळीच विषे कुजत नाहीत. व्हिएतनाममध्ये दा नांग विमानतळावर अमेरिकन सैन्याने साठवलेल्या तणनाशकातले डायॉक्सिन मातीत होते. तेथे २०१२ ते २०१८ या काळात ती माती मोठ्या बंदिस्त ढिगांत घालून तीनशे अंशांच्या वर तापवावी लागली.

वकिली_जळगाव

खर्च कोणाचा, या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली अधिसूचित केले. त्यानुसार संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि त्यानंतरच्या ९० दिवसांत सविस्तर सर्वेक्षण. दूषित करणारा सापडला तर खर्च त्याचा. सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर सरकारी तरतुदीतून. खाणकाम, किरणोत्सारी कचरा, समुद्रातील तेलगळती आणि घनकचऱ्याचे ढीग या नियमांत येत नाहीत. प्रत्यक्ष शुद्धीकरण कधीपर्यंत पूर्ण व्हावे, याची मुदत मात्र नियमांत घातलेली नाही, आणि माझ्या मते तेथेच त्यांची धार बोथट होते.

मुदत नसली की काय होते हे पाहायचे असेल तर राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाकडे पाहावे. तेथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने विहिरींचे पाणी गडद झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दूषित करणाऱ्यानेच खर्च द्यावा असा निकाल दिला, जो आजही प्रत्येक वकील उद्धृत करतो. तरी २०११ मध्ये त्याच न्यायालयाला सुमारे ३७ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. निकाल पाठ्यपुस्तकांत गेला, विहिरी तशाच राहिल्या.

सुमन_धुळे

वकील साहेब, मग पांझराकाठ भाऊंनी अर्ज करावा की नाही?

वकिली_जळगाव

करावा, पण आधी कातळरेषा ताईंनी सांगितलेले मोजमाप करावे. अर्जात चुकीच्या जागेकडे बोट दाखवले तर पुढची तपासणी त्याच जागेत अडकते.

पांझराकाठ

ताई, तीन विहिरी आहेत: काकांची, माझी आणि पडावाच्या पलीकडच्या बांधावरची शेजाऱ्यांची. त्रिकोण होतो. पण विहिरींचे काठ एका पातळीत नाहीत, मग खोली मोजून काय कळणार?

वाघूरकाठ

याचे उत्तर माझ्या खात्यातले आहे. गवंड्याकडे असते तशी पारदर्शक नळी घ्या, वीस मीटरची. तिच्यात पाणी भरा आणि आतला बुडबुडा पूर्ण काढून टाका. दोन माणसांनी दोन टोके दोन खुंट्यांशी धरली की दोन्ही टोकांतले पाणी एका पातळीत येते. असे टप्प्याटप्प्याने एका विहिरीच्या काठावरून दुसऱ्या विहिरीच्या काठावर जा आणि प्रत्येक टप्प्याचा चढ-उतार वहीत लिहा. परत येताना दुसऱ्या वाटेने या. सुरुवातीच्या काठावर पोहोचल्यावर बेरीज शून्याच्या जवळ आली पाहिजे. दोन-तीन सेंटिमीटरची चूक चालेल. काकांच्या विहिरीचा काठ शून्य धरा.

सुभेदार_नाना

आणि वहीवर तारीख, वेळ आणि मोजणाऱ्याचे नाव घाला. हे सांगायला लागते.

पांझराकाठ

मंडळी, काल दिवसभर हेच काम केले. तिन्ही पंप परवा सकाळपासून बंद होते. चुलतभाऊ, मी आणि गावातला गवंडी, असे तिघे होतो. पहिल्या फेरीत अकरा सेंटिमीटरची चूक निघाली, नळीत बुडबुडा राहिला होता. दुसऱ्या फेरीत दोन सेंटिमीटर.

काकांच्या विहिरीचा काठ शून्य, पाणी काठापासून ९.४० मीटर खाली. पडावापलीकडच्या विहिरीचा काठ १.१० मीटर खाली आणि तिचे पाणी काठापासून १०.२० मीटर खाली. माझ्या विहिरीचा काठ ०.८५ मीटर वर, पाणी काठापासून ८.६० मीटर खाली.

कातळरेषा

उत्तम काम केले आहे. एकाच आधारावर आणले तर पाण्याच्या पातळ्या अशा होतात: तुमच्या विहिरीत उणे ७.७५, काकांच्या विहिरीत उणे ९.४०, पडावापलीकडे उणे ११.३०. म्हणजे पाणी तुमच्या बाजूकडून काकांच्या विहिरीकडे आणि तेथून पडावाकडे जाते आहे. पडाव उताराच्या खालच्या अंगाला आहे. तेथे काही सांडलेले असले तरी ते नैसर्गिक उताराने काकांच्या विहिरीत येण्याची शक्यता कमी दिसते. काकांचा पंप फार मोठा असेल आणि सतत चालत असेल तर चित्र बदलू शकते. शिवाय कातळात तीन विहिरी एकाच भेगेशी जोडलेल्या असतीलच असे नाही, म्हणून पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा.

पण एक प्रश्न विचारते. तुमची विहीर आणि काकांची विहीर यांच्यामध्ये काय आहे?

पांझराकाठ

ताई, मध्ये आजोबांच्या वेळची इंजिनाची खोली आहे. वीज येण्याआधी त्यात डिझेलचे इंजिन होते. ते केव्हाच भंगारात गेले. पण चार वर्षांपासून ट्रॅक्टरचे डिझेल मी त्याच खोलीत पिंपात ठेवतो. हे लिहिताना हात थोडा अडखळतो आहे.

आज सकाळी पिंप हलवले. खाली तळाच्या कडेला गंजून सुईच्या टोकाएवढे भोक पडले आहे. खोलीला फरशी नाही. कुदळीने उकरले तर गुडघाभर खोलीपर्यंत मुरूम काळा आणि ओलसर आहे. मूठभर हातात घेतला, दोनदा साबण लावला, तरी बोटांचा वास गेलेला नाही.

कातळरेषा

मग पावसाळ्यातच वास का येतो, याचाही उलगडा होतो. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने मुरुमात पातळीच्या वरच अडकून राहते. पाऊस झाला की पाणी वर चढते, त्या तेलाला भिडते आणि थोडे थोडे घेऊन उताराला लागते.

पिंप आजच रिकामे करा. काळा मुरूम जेथे संपतो तेथपर्यंत खणून तो जाड ताडपत्रीवर, विहिरींपासून दूर, वीतभर जाडीचा पसरा. त्यात शेणखत मिसळा, ओल राखा, आठवड्यातून एकदा उलटा आणि पावसात झाकून ठेवा. डिझेल जिवाणूंना पचते, त्यामुळे काही महिन्यांत फरक दिसेल. खड्ड्याची खोली आणि लांबी-रुंदी वहीत लिहून ठेवा. तिन्ही विहिरींचे नमुने काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, प्रयोगशाळेत द्या आणि खनिज तेल व बेंझिन या दोन्हींची तपासणी मागा.

पांझराकाठ

बाटल्या आणायला उद्या धुळ्याला जातो आहे. काकांना आज संध्याकाळी घरी जाऊन सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग काकूंना म्हणाले की हंडे भरायला उद्यापासून माझ्या विहिरीवर जायचे.

सुभेदार_नाना

तुमच्या विहिरीचाही अहवाल येऊ द्या, मगच हंडे भरा. तोवर टँकर सांगा.